नगरसेवकाने हिशेब द्यावा, आपण तो मागावा

निवडणूक संपली, गुलाल धुतला गेला, की नगरसेवकाचा आणि आपला संबंध दाखल्यावरच्या सहीपुरता उरतो. सही हवी असली की आपण त्यांच्या दारी, मते हवी असली की ते आपल्या दारी. मधल्या पाच वर्षांत कोणी कोणाला काही विचारत नाही. आम्ही पडलो कारकुनी करणारी माणसे. बी.कॉम. करताना एक गोष्ट मनावर पक्की बिंबली, ती ही की वर्षातून एकदाच वही उघडणाऱ्याचे दुकान टिकत नाही. वस्तीचेही तसेच आहे.

अंबरनाथकरांनी तर वेगळाच काळ पाहिला. नगरपरिषदेची मुदत २०२० साली संपली. आधी कोरोना आला, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि निवडणूक लांबत राहिली. पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले, तेव्हा कुठे प्रभागाला प्रश्न विचारायला हक्काचे माणूस मिळाले. मधल्या काळात मतदार झालेल्या पोरापोरींना नगरसेवकाचे काम काय असते, हे आपणच सांगायला हवे.

आमची वस्ती एमआयडीसीला लागून आहे. आम्ही काही कार्यकर्त्यांनी प्रभागाच्या नगरसेविकाताईंना विनंती केली की हार नको, भाषण नको. रस्ते, दिवे आणि सुरक्षितता यांची कामे कुठवर आली तेवढे सांगा. ताई आल्या. विहाराच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या होत्या. पुढच्या बाजूला बाया बसल्या, कारण अंधाराचा प्रश्न मुख्यतः त्यांचा होता. पॅकिंग खात्यात काम करणाऱ्या मुली सायंकाळी सातनंतर सुटतात आणि कारखान्यांच्या भिंतीकडेने चालत घरी येतात. वाटेत ओळीने पाच खांब आहेत, पण उजेड एकावरही नव्हता. मुली एकमेकींची वाट पाहून घोळक्याने निघत. एकीला घरच्यांनी कामच सोडायला लावले. तिची आई उभी राहिली आणि म्हणाली, "दिवा नाही म्हणून माझ्या पोरीचा पगार गेला, ताई." सभागृह गप्प झाले.

ताईंनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर तीन रकाने होते: झाले, चालू आहे, झाले नाही. पुढाऱ्यांच्या कागदावर पहिले दोन रकाने आम्ही पुष्कळदा पाहिले आहेत. तिसरा पहिल्यांदाच पाहिला. त्या तिसऱ्या रकान्यात ते पाच खांब होते. दोन खात्यांच्या हद्दीच्या वादात ते अडकले होते. ताईंनी दोन्हीकडे दिलेल्या पत्रांच्या तारखा वाचून दाखवल्या आणि उत्तर आले नाही हेही सांगितले. "काम प्रगतिपथावर आहे" या वाक्यापेक्षा हे "झाले नाही" आम्हाला मोलाचे वाटले, कारण झाले नाही म्हटले की का झाले नाही, हे विचारता येते.

मागे बसलेल्या एका तरुणाने विचारले, "ताई, रस्ता मंजूर आहे म्हणता, मग दिसत का नाही?" प्रश्न साधा, पण फार कामाचा. सरकारी कामाच्या पायऱ्या असतात. प्रथम खर्चाचे अंदाजपत्रक तयार होते. त्याला प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता मिळते. नंतर निविदा निघते आणि ठेकेदार ठरला की त्याला कार्यादेश दिला जातो. काम होईल तसे अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि त्या नोंदीवर बिल निघते. काम पुरे झाल्यावर दोषदायित्वाची मुदत सुरू होते; त्या मुदतीत कामाच्या दोषामुळे रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते. "मंजूर" हा शब्द यातल्या कोणत्याही पायरीवर उभे राहून म्हणता येतो. म्हणून मंजूर झाले का, असे विचारू नये. कार्यादेश कोणत्या तारखेचा, काम संपवण्याची मुदत किती, दोषदायित्व किती वर्षांचे, असे विचारावे.

दुसरा प्रश्न, रस्ता कोणाचा? आपल्या भागात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. वस्तीतली गल्ली नगरपरिषदेची. औद्योगिक क्षेत्रातले रस्ते आणि पाणी एमआयडीसी पाहते. कल्याण-बदलापूर रस्ता राज्यमार्ग, आणि त्याच्या काँक्रिटीकरणाचे काम एमएमआरडीएने केले. पोलीस ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाचे. घरातून कारखान्यापर्यंत चालणाऱ्या बाईला या हद्दी दिसत नाहीत, तिला फक्त अंधार आणि खड्डा दिसतो. हद्दी ओळखून योग्य टेबलावर कागद नेऊन ठेवणे, हे नगरसेवकाचे काम. काम आपल्या हद्दीत नसले, तरी पाठपुरावा आपल्या हद्दीत असतो.

सुरक्षितता म्हणजे नुसते दिवे आणि पोलिसांची गस्त नव्हे. आपण रसायनांच्या शेजारी राहतो. १२ सप्टेंबर २०२४ रोजी रात्री अंबरनाथमध्ये रासायनिक धूर पसरला आणि लोकांचे डोळे, घसे जळजळले. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये इथून खाली वाहत जाणाऱ्या वालधुनीत उल्हासनगर भागात रसायन सोडले गेले आणि काठावरच्या शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला. जवळच्या डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये स्फोट होऊन माणसे मेली. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक कारखान्याने धोक्याची आणि बचावाच्या उपायांची माहिती कामगारांप्रमाणेच स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांनाही द्यावी, असे बंधन त्यात आले. म्हणून पुढच्या बैठकीच्या कागदावर आम्ही एक ओळ वाढवून घेतली: वायू पसरला तर वस्तीला कोण कळवणार, लोकांनी कोणत्या बाजूला जायचे आणि म्हाताऱ्या माणसांना कोण उचलणार?

कोणी म्हणेल, खांब आणि गटारे यांत कसली आली चळवळ? बांधवांनो, पथदिवे हा विषय संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांची ती यादी आली. त्यात रस्ते आहेत, अग्निशमन आहे आणि रस्त्यावरचा दिवाही आहे. आणि महाडचा इतिहास तर आपल्या लेकरांनाही पाठ आहे. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. ठराव कागदावर राहिला, आणि म्हणून बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. नगरपालिकेचा ठराव आणि माणसाच्या ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, हे आपल्याइतके कोणाला कळावे?

त्या सभेनंतर महिनाभराने पाचपैकी तीन खांबांवर दिवे लागले. दोन अजून तिसऱ्या रकान्यात आहेत. काम सोडलेल्या त्या मुलीची जागा मात्र दुसरीने भरली. उशिरा लागलेल्या दिव्याने वाट उजळते, गेलेली नोकरी परत येत नाही. म्हणून तारखेला महत्त्व आहे.

आता आपण काय करावे? प्रत्येक वस्तीने एक वही घालावी. कामाचे नाव, काम कोणाच्या हद्दीत, कोणत्या पायरीवर, मुदतीची तारीख आणि पुढे काय झाले, असे पाच रकाने आखावेत. वही एखाद्या शिकलेल्या सुनेकडे किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे द्यावी, कारण रस्त्याचा त्रास त्यांना रोज होतो. दर तीन महिन्यांनी नगरसेवकाला बोलवावे आणि वहीतले वाचून दाखवावे. उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. अर्जाची फी दहा रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही माफ आहे. कार्यादेशाची आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत त्यात मागता येते.

बोलताना आवाज चढवू नये, पण तारीख सोडू नये. काम झाले तर चारचौघांत आभार मानावेत, कारण खरे सांगणाऱ्या लोकप्रतिनिधीलाही बळ लागते. काम झाले नाही तर पुढच्या बैठकीत तीच ओळ पुन्हा वाचावी. मत आपण पाच वर्षांतून एकदा देतो. हिशेब दर तीन महिन्यांनी मागता येतो.