शीन, ये, खे

उर्दूत 'शेख' लिहायला तीन अक्षरं लागतात: शीन, ये, खे. वादाला जागाच नाही. घोळ होतो इंग्रजीत. माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा बी.फार्म.ला आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर तिच्या शेखमध्ये 'ए-आय', आधारवर 'ई-आय'. महाडीबीटीवर अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलो आणि तिथेच अडलो. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. रिक्षा चालवणारे तिचे अब्बू तिच्या आसपासही नाहीत.

२०२२मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली, त्यावर आपण पुष्कळ बोललो. बोलायलाच हवं. पण चालू योजनेतून पोरं स्पेलिंगपायी गळतात, त्याबद्दल मोहल्ल्यात चकार शब्द नाही.

गुणपत्रिका दाखवून आधार दुरुस्तीला टाकलं. मग बँक, कारण पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, आणि तिचं जोडलेलं होतं शाळेतलं जुनं, कधीचं बंद पडलेलं खातं!

आधार केंद्राची पावती अम्मीनं पिशवीत जपून ठेवली. "सर, शनिवारी धाकट्याचे कागद आणते. सहावीत आहे. त्याचंही आत्ताच बघून द्या."