एक, तीन, चार, दोन

जुनी पेट्रोल जीप भोसरीच्या गॅरेजात आली की पोरं आधी मोबाईलवर फायरिंग ऑर्डर शोधतात. आकडे बरोबर सापडतात, १-३-४-२. तरी इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाके फोडतं. ठिणगी कुठल्या क्रमाने द्यायची ते कळलेलं असतं, सुरुवात कुठून करायची ते कोणी पाहिलेलंच नसतं.

महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. पुढच्या सीजे-३बी जीपमधलं हरिकेन इंजिन २,१९९ सीसीचं. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटही वर घ्यावं लागलं. आपल्या जीपचं ते भव्य कपाळ तिथलं.

या इंजिनाच्या क्रँकवर १ आणि ४ चे पिस्टन एकदम वर येतात, तेव्हा २ आणि ३ चे खाली. म्हणून पहिल्यानंतर पाळी दुसऱ्याची नाहीतर तिसऱ्याची. क्रम दोनच शक्य. विलीजने १-३-४-२ घेतला, फोर्डच्या मॉडेल टी ने १-२-४-३.

गोम अशी, की १ वर आला तेव्हा ४ ही वरच असतो. एकाचं कॉम्प्रेशन झालेलं, दुसऱ्याचा धूर निघून गेलेला, आणि फ्लायव्हीलची खूण दोन्ही वेळा जुळते! म्हणून मी पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायला लावतो, दुसऱ्याला हँडल सावकाश फिरवायला सांगतो. हवेने अंगठा ढकलला की तो कॉम्प्रेशनचा फेरा. मग खूण जुळवायची, डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढून रोटरचं तोंड बघायचं. तिथे पहिली वायर. पुढे रोटर फिरेल तसे ३, ४, २. जीपचा रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. वायरी सुलट लावल्या तर जीपमध्ये फोर्डचा क्रम होऊन बसतो.

व्ही-८ मध्ये तर नुसत्या आकड्यांवर जाऊच नये. शेवरोले स्मॉल-ब्लॉकचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, फोर्ड ३०२ चा १-५-४-२-६-३-७-८. शेवरोले दोन्ही बाजूंना एकाआड एक नंबर देते, फोर्ड एक बाजू संपवून दुसरी घेते. नंबर विसरून ठिणगीचा मार्ग पाहिला तर दोन्हींचा एकच!

चाकणला बनणाऱ्या आजच्या पेट्रोल गाड्यांत प्लगवरच कॉइल बसते, डिस्ट्रिब्यूटर नसतोच. आयटीआयमधून आलेल्या पोराला वायरींचं हे गणित ठाऊक नसलं तर त्याला काय बोलणार?

जीपवाल्यांना विनंती एवढीच, की वायरी उपटण्याआधी कॅपवर पहिल्या वायरीपाशी रंगाचा ठिपका द्या. नेलपॉलिशसुद्धा चालतं.