जात्यावरचा बसरा

गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर साताऱ्यास जाणे झाले. काम तासाभरात उरकले. दिवस मोकळा होता, म्हणून एस. टी. पकडून अपशिंग्यास गेलो. ‘अपशिंगे मिलिटरी’ असेच या गावाचे नाव पडून गेले आहे. फौजेत माणूस नाही असे घर इथे शोधावे लागेल. गावात इंग्रजांच्या अमदानीतला एक स्मृतिस्तंभ आहे. १९१४ च्या महायुद्धात या एका गावची ४६ माणसे कामी आली, असा त्याचा हिशेब. त्याच्यापुढे उभा राहिलो आणि कानांत जाते घरघरू लागले.

माझे आजोळ वाळवे तालुक्यातले. आज तो भाग सांगली जिल्ह्यात मोडतो. १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता. आजीचा थोरला भाऊ त्याच महायुद्धात ‘लामावर’ गेला (लढाईला आमच्याकडचा हा शब्द), बसऱ्यास उतरला आणि परतला नाही. पुढे पुस्तकांतून कळले की तीन मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. जवळजवळ पाच महिने. धान्य आटले, घोडी मारून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस शिवले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. आजीचा भाऊ त्या वेढ्यात होता की कसे, घरात कोणासच ठाऊक नव्हते.

आजीच्या ओव्यांत यातले काहीच नसे. तोफ नाही, शत्रू नाही. पहाटे खुंटा धरून ती भावाला पुसायची : कुणाच्या हातचे जेवतोस? तुझा सदरा कोण धुते? भाऊबिजेचा पाट मांडलाय, येतोस ना? त्याला जाऊन चाळीस वर्षे लोटली होती, आणि ओवीत मात्र तो अजून वाटेतच!

आम्हां पोरांना बसरा म्हणजे मोत्यांचे गाव. मी एकदा विचारले, “आज्ये, मामानं मोती आणलं न्हाईत व्हय?”

जाते थांबले. “दळू दे मला,” एवढेच ती म्हणाली.

त्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी स्तालिनग्राडचा पवाडा रचला. पवाड्याला डफ लागतो, समोर माणसे लागतात. ओवीला अंधार पुरतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगाव हिंडून अशा लाखावर ओव्या जमवल्या, हे मोठेच काम. माझ्या आजीपर्यंत मात्र कोणी पोचले नाही, आणि मीही एक ओळ उतरून घेतली नाही.

संध्याकाळी आजोळी पोचलो. विजेची गिरणी आली तेव्हापासून जाते परसात पडून आहे. वरच्या तळीवर तुळशीची कुंडी. मामेभावाचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत, सध्या काश्मिरात. दिवे लागले आणि वहिनींचा फोन वाजला.

“जेवलास का रं?” त्यांनी आधी विचारले. मग जरा थांबून, “भाऊबिजेला रजा मिळती का बघ. ताई वाट बघतीया.”