तंबू कुणाचा?

कोलकात्याच्या मैदानावर मोठमोठ्या फुटबॉल क्लबांचे तंबू आहेत. तंबू आपलं म्हणायला. आत पक्क्या भिंती आहेत, पंखे आहेत, करंडकांनी भरलेली काचेची कपाटं आहेत. बाहेर हिरवळीवर खुर्च्या टाकून संघाच्या बचावफळीवर तोंडसुख घेणारे सभासद आहेत. तरी सगळे त्याला टेंटच म्हणतात. मैदानाची जमीन लष्कराची. मोहन बागान १८८९ सालचा, ईस्ट बंगाल १९२० सालचा. दोघांनीही शंभरी ओलांडली, पण पायाखालची माती काही त्यांच्या नावावर नाही. ज्यांच्यासाठी लाखो माणसं एकमेकांशी भांडतात ते दोघेही बिऱ्हाडकरूच, या गोष्टीची मला तिथे असताना फार मौज वाटायची.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी नावं घेतली की पेठ कळते, आणि पेठ कळली की शाहू स्टेडियमवर हा माणूस कुणाच्या नावानं ओरडणार तेही कळतं. संघाला मालक असतो ही कल्पनाच आमच्या डोक्यात नव्हती. वर्गणी असायची, पुढारी असायचे, पुढाऱ्यांचे फलक तर फारच असायचे. पण ‘हा संघ मी विकतोय’ असं म्हणू शकेल असा माणूस पेठेत नव्हता. म्हणाला असता तर त्याला दुसऱ्या दिवशी पेठेतून चालत जाणं जड गेलं असतं. त्यामुळे नोकरीत कोलकात्याला बदली झाली, तेव्हा तिथल्या माणसांच्या तोंडी गोलकीपरपेक्षा ‘इन्व्हेस्टर’ हा शब्द जास्त वेळा ऐकून मी चक्रावलो.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर ईस्ट बंगाल बसायचे. त्यांना मी सगळ्यांसारखं दादाच म्हणायचो. ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायचो ते घरमालक उत्तर कोलकात्यातले पिढीजात मोहन बागान. एकाचं घराणं फाळणीनंतर बरिसालहून आलेलं, दुसऱ्याचं इथलंच. ईस्ट बंगालवाल्यांचा इलिश आणि मोहन बागानवाल्यांची कोळंबी ही गोष्ट कोलकात्याच्या प्रत्येक वर्णनात येते म्हणून सोडून देतो. दोन्ही मासे मी दोघांच्या घरी पोटभर खाल्ले एवढीच नोंद करतो.

घरमालक १९११ सालाबद्दल असे बोलत, की जणू स्वतः गर्दीत उभे होते. २९ जुलै, आयएफए शील्डचा अंतिम सामना, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. आपले एक सोडून सगळे अनवाणी. एका गोलनं मागे पडल्यावर शिबदास भादुरींचा गोल, मग अभिलाष घोषांचा. ज्यांना मैदान दिसतच नव्हतं त्यांना स्कोअर कळावा म्हणून पतंग उडवले होते, हे सांगताना ते न चुकता गॅलरीतून आकाशाकडे बोट दाखवायचे. असल्या माणसाला २०२० साली कुणीतरी सांगितलं की तुमच्या क्लबचं नाव आता एटीके मोहन बागान.

त्या वर्षीचा क्रम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. जानेवारीत करार जाहीर झाला: क्लबच्या फुटबॉलचा ८० टक्के हिस्सा संजीव गोयंका यांच्या आरपीएसजी समूहाकडे. मार्चच्या १० तारखेला मोहन बागाननं कल्याणीला ऐझॉलला हरवून आय-लीग जिंकली, तीही चार फेऱ्या बाकी असताना. चारच दिवसांनी गोयंकांच्याच एटीकेनं गोव्यात फातोर्ड्याला इंडियन सुपर लीग जिंकली. म्हणजे एकाच आठवड्यात एकाच शहराचे दोन संघ देशातल्या दोन्ही लीगांचे विजेते. त्यातला एक सहा वर्षांचा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, सुरुवातीला माद्रिदच्या क्लबची भागीदारी घेऊन आलेला. दुसरा १३० वर्षांचा. आणि जोडलेल्या नावात पुढे बसला तो सहा वर्षांचा. जुलैमध्ये सांगण्यात आलं की हिरवा-मरून रंग आणि बोधचिन्हावरची शिडाची नाव तशीच ठेवली आहे. घरमालक पेपर खाली ठेवून म्हणाले, “ठेवली म्हणजे? त्यांची होती का ठेवायला?”

त्या हिवाळ्यात सुपर लीगमधली पहिली कोलकाता डर्बी, म्हणजे मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना, झाली ती वास्कोच्या टिळक मैदानावर. करोनामुळे सगळी स्पर्धाच गोव्यात हलवली होती आणि प्रेक्षकांना बंदी होती. एकाच वर्षी दोन्ही क्लबांना नवे मालक मिळाले, आणि मालकांना पहिली डर्बी मिळाली ती रिकाम्या खुर्च्यांसमोर. कुणी शिव्या द्यायला नाही, कुणी फलक धरायला नाही. मालकांच्या मनातलं आदर्श स्टेडियम असंच असावं, असा दुष्ट विचार मला तेव्हा आला आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही. मोहन बागान २-० जिंकले. खाली घरमालकांनी टीव्हीचा आवाज वाढवलेला मला वर ऐकू येत होता. रॉय कृष्णाच्या गोलला ते ओरडले, तेवढंच जोरात ओरडले जेवढं एटीके नसतं तरी ओरडले असते.

इथं मला नेहमी अडखळायला होतं. ज्या पैशाला ते नावं ठेवत होते त्याच पैशानं रॉय कृष्णा आणला होता. वरच्या लीगमध्ये उतरायचं तर पैसा हवा, आणि तो सभासदांच्या वर्गणीतून येणार नव्हता, हे त्यांनाही कळत होतं. शिवाय जुने दिवस म्हणजे काही सत्ययुग नव्हतं. १९९८ साली विजय मल्ल्यांच्या यूबी समूहानं दोन्ही क्लबांत हिस्सा घेतला होता, दोन्ही! एक झाला मॅकडॉवेल मोहन बागान, दुसरा किंगफिशर ईस्ट बंगाल. सात जन्मांचे वैरी एकाच गोदामाचं लेबल लावून एकमेकांशी खेळत होते. मी घरमालकांना हे काढून दाखवलं, तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. “ते नाव फक्त पेपरात होतं,” म्हणाले. “आमच्या गल्लीत एकानंही कधी तोंडानं उच्चारलं नाही.”

मग एटीकेच्या बाबतीत तसंच का केलं नाही? कारण मॅकडॉवेल ही जाहिरात होती. एटीके हा दुसरा संघ होता. जाहिरात उतरवता येते. दुसऱ्या संघाच्या इतिहासात आपला इतिहास मिसळला, की पुढे वेगळा काढता येत नाही. ‘रिमूव्ह एटीके’ या दोन शब्दांनी समाजमाध्यमं, भिंती आणि फलक रंगले ते यासाठी. बाहेरच्याला ती तीन अक्षरांवरची हटवादी रडारड वाटली. मलाही ती पहिल्यांदा तशीच वाटली असती, पण आमच्या पेठेतल्या तालमीच्या नावापुढे शेजारच्या पेठेतल्या तालमीचं नाव जोडून पाहिलं आणि गप्प बसलो.

दादांचं दुखणं वेगळं होतं आणि जास्त गुंतागुंतीचं. ईस्ट बंगाल हे ज्या प्रांताचं नाव, तो आज नकाशावर नाही. आधी पूर्व पाकिस्तान झाला, मग बांगलादेश. घर, तळं, सुपारीची झाडं तिकडे राहिली. नाव तेवढं एका क्लबच्या रूपानं इकडे उरलं. त्या क्लबमध्ये २०१८ साली बेंगळुरूची क्वेस कंपनी आली आणि दोन वर्षांत गेली. २०२० साली मुख्यमंत्री ममता बॅनर्जींच्या मध्यस्थीनं श्री सिमेंट आली आणि संघ सुपर लीगमध्ये उतरला. प्राथमिक करारावर सह्या झाल्या. अंतिम करारावर सही करायला क्लबचे पदाधिकारी तयार होईनात. सभासदांचे हक्क जातील, क्लब आपल्याच तंबूत पाहुणा होईल, असं त्यांचं म्हणणं. कंपनी म्हणे, ठरलं होतं तेच लिहिलंय. सही नाही तर पैसा नाही, पैसा नाही तर संघ नाही.

२१ जुलै २०२१ रोजी तंबूबाहेर चाहते जमले. एक गट म्हणत होता सही करा, दुसरा पदाधिकाऱ्यांच्या बाजूनं उभा होता. दोन्ही गटांच्या अंगावर लाल-पिवळा. दोन्ही गट एकमेकांना भिडले आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. बातमी पाहताना मला कळेना की यात मालक नक्की कोणता. सिमेंटवाले? की वर्षानुवर्षं त्याच खुर्च्यांवर बसलेले क्लबचे कारभारी? दादांना विचारलं तर म्हणाले, “दोघांवरही माझा विश्वास नाही. म्हणून तर झोप लागत नाही.” मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, की आजोबांनी बरिसालचं घर सोडताना कुणा ओळखीच्याच्या भरवशावर एका कागदावर सही केली होती. परत आल्यावर बघू, असं ठरलं होतं. आमच्या घरात सही या गोष्टीची भीती आहे, म्हणाले. पण सही केली नाही तर या वर्षी संघच नाही, याचीही भीती आहे. या माणसाला कुठल्या गटात उभं करणार? २०२२ साली श्री सिमेंट गेली, इमामी आली. दादांनी नव्या मालकाचं स्वागत चष्मा पुसून केलं. म्हणजे नीट बघायची तयारी.

अशा वेळी मुंबई आणि गोवा आठवतात. मुंबईत महिंद्रा युनायटेड होता, २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता. २०१० साली कंपनीनं संघ बंद केला. निर्णय शांतपणे झाला आणि शांतपणे स्वीकारला गेला; कूपरेजच्या फाटकावर कुणी ठिय्या दिल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. गोव्यात तर संघांना घराण्यांचीच नावं: धेंपो, साळगावकर. धेंपोनं पाच वेळा देशाची लीग जिंकली. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघानं सुपर लीगला वरचं पान वाढायचं ठरवलं, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा या तिघांनीही निषेध म्हणून आय-लीग सोडली. तिथं मालकच रुसला, आणि मला वाटतं रास्त कारणासाठी रुसला. पण परिणाम तोच. एका सकाळी राष्ट्रीय तक्त्यातून तीन नावं गेली, आणि ज्यांनी रविवारमागून रविवार फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर घालवले होते, त्यांना कुणी विचारलंही नाही.

मालकावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा चाहता मालकाबरोबरच निघून जातो, असं माझं मत बनलं ते या सगळ्यातून. कोलकात्याचा संशयखोर माणूस मात्र जात नाही. त्याचा अविश्वास हा त्याच्या निष्ठेचा रात्रपाळीचा पहारा असतो. तो कराराची कलमं वाचतो, कंपनीचा ताळेबंद वाचतो, जर्सीवरच्या हिरव्याची छटा गेल्या वर्षीपेक्षा फिकी आहे का ते बघतो, आणि हे सगळं करून पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभा राहतो. त्याच्याकडे समभाग नाही. पण ज्याच्याकडे आहे तो विकून मोकळा होऊ शकतो. याला ती सोय नाही. पैसेवाल्यांना हेही पक्कं माहीत असतं, आणि बरेचसे हिशेब त्याच भरवशावर मांडलेले असतात, ही त्यातली लबाडी.

१८ मार्च २०२३ ला फातोर्ड्यालाच एटीके मोहन बागानचा सुपर लीगचा अंतिम सामना झाला. बेंगळुरूविरुद्ध २-२, दिमित्री पेत्रातोसचे दोन्ही गोल पेनल्टीवर, मग शूटआउटमध्ये विजय. आणि त्याच रात्री गोयंकांनी जाहीर केलं, की पुढच्या मोसमापासून एटीके जाणार. नाव असेल मोहन बागान सुपर जायंट्स. लखनऊच्या त्यांच्या क्रिकेट संघाचं आडनाव इकडे आलं. माझी तोवर बदली झाली होती. घरमालकांना फोन केला तर ते हसत होते, आणि मागे फटाके वाजत होते. “डोकं काढलं, शेपूट लावलं,” म्हणाले. “शेपटाचं बघू पुढे. ते आपोआप गळतं.”

मग १८ ऑगस्ट २०२४. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार आणि तिचा खून झाल्याला जेमतेम दहा दिवस झाले होते, आणि शहर रस्त्यावर होतं. ड्युरंड कपमधली डर्बी सुरक्षेच्या कारणावरून रद्द झाली. तरी संध्याकाळी सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर दोन्ही क्लबांचे चाहते आपापले झेंडे घेऊन आले, कोलकात्यातल्याच मोहमेडन क्लबचे काळे-पांढरेही आले. एकमेकांच्या खांद्यावर चढून न्याय मागू लागले. सामन्याला पुरणार नाहीत म्हटलेले पोलीस लाठी चालवायला मात्र पुरले. मोहन बागानचा कर्णधार सुभाशिष बोसही त्या गर्दीत होता. ते झेंडे नेताना कुणी आरपीएसजीला विचारलं नव्हतं, इमामीला विचारलं नव्हतं. दादा गुडघेदुखी विसरून गेले होते. परतताना एका मोहन बागानवाल्यानं त्यांना स्कूटरवरून सोडलं, आणि वाटेत दोघांचं १९७५ साली ईस्ट बंगालनं मोहन बागानवर केलेल्या पाच गोलांवरून भांडण झालं.

२०२५ च्या जुलैत तर सुपर लीगच थांबली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता, पुढचं काही ठरेना, म्हणून कंपनीनं नवा मोसम बेमुदत पुढे ढकलला. क्लबांच्या मालकांनाही आता वरच्या मालकाच्या दारात ताटकळत बसावं लागत होतं. त्याच महिन्यात कल्याणीला कोलकाता लीगची डर्बी झाली, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या त्या जुन्या लीगची. ईस्ट बंगालनं ती ३-२ अशी जिंकली. रात्री दादांचा फोन आला. सुपर लीगचं काय होणार म्हणून मी विचारलं, तर ते ऐकायच्या मनःस्थितीतच नव्हते. तिसरा गोल कसा झाला हे त्यांना आधी सांगायचं होतं, आणि मोहन बागानच्या बचावफळीत नेमका कोण झोपला होता तेही. मी घरमालकांना फोन लावला. ते म्हणाले, “झोपला नव्हता. ढकललं होतं त्याला. पंच विकला गेलाय, दुसरं काय!”