समुद्राची चिखलणी

वरठी, 20 जुलै

प्रिय मित्रा,


भंडारा रोड स्टेशनवर तुला गाडीत बसवून दिलं, त्याला दोन महिने होत आले. परवा फोनवर म्हणालास, ‘मालवणला येऊनही ताजी मासळी नाही.’ तेव्हाच ठरवलं, सविस्तर लिहायचं.

इथे रोवणीची घाई आहे. काल बांधीत चिखलणी चालली होती. ट्रॅक्टरमागे काळा गाळ वर येत होता आणि बगळे त्याच्यामागे धावत होते. तुझ्या समुद्रातही याच दिवसांत चिखलणी चालते. पावसाळी वारा किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहू लागला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी त्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकतं. त्याची जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं. शास्त्रज्ञ याला ‘अपवेलिंग’ म्हणतात. मेलेल्या जीवांचं कुजून झालेलं नायट्रेट, फॉस्फेट खाली अंधारात पडून असतं. ते उजेडात आलं की डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पतींचं पीक फोफावतं. त्यावर तारली, बांगडा पोसतात. तारलीची वीणही याच सुमाराची. केरळ-कर्नाटकात अपवेलिंगचा जोर मोठा. गोव्याकडून वर येता येता तो ओसरतो.

खालच्या पाण्यात प्राणवायू मात्र कमी असतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षं मोजमाप केलं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. म्हणजे हे पीक जितकं भरघोस, तितकंच नाजूक. केरळात 2012 साली तारली सुमारे 3.9 लाख टन मिळाली. 2021 साली साडेतीन हजार टनही नाही. एल निनोने समुद्र बिघडवला, त्यात लहान पिल्लांची मासेमारी झाली, असं अभ्यासक सांगतात.

नुकत्याच रोवलेल्या बांधीत आपण गुरं सोडतो का? जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, त्यामागे विणीच्या मासळीला जपण्याचा हाही विचार आहे. बोटी बांधून ठेवणाऱ्या कुटुंबांचे हे दोन महिने ओढाताणीचे असतात, त्यांच्याबद्दल मनात आदर ठेव.

बोटी सुटल्या की तारली जरूर खा. पण बोटाएवढी पिल्लं टोपलीत दिसली, तर घेऊ नकोस आणि शेजाऱ्यांनाही सांग.

तुझाच,
बालमित्र