ओल्या गवतावर उतरताना

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचं विमान जुहूला आणलं, हे मी वर्गात अनेकदा सांगितलं. पुढची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात नव्हती. पावसाळ्यात जुहूच्या मैदानाचा चिखल होई, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवत!

माझा नातू सध्या लहान विमान चालवायला शिकतोय. तो सांगतो, ओल्या गवतावर ब्रेक दाबले की चाकं थांबतात, विमान घसरतच राहतं. ब्रिटनमध्ये वैमानिकांना अशा वेळी कोरड्या पक्क्या धावपट्टीपेक्षा ३५ टक्के जास्त अंतर धरायला सांगतात. गवत अगदी आखूड असेल, तर ६० टक्के.

"आजी, शंका आली की न टेकता पुन्हा वर जायचं."

"आणि लोक हसले तर?"

"हसू देत. ऐकायला आपण असू ना!"

आम्ही मास्तर मंडळी जन्मभर 'हाती घेतलं ते तडीस न्या' सांगत आलो. ते खरंच आहे. पण वेळेवर मागे फिरणं हाही अभ्यासच, नाही का?

सोलापूरकर पावसाची वाट बघतात. हल्ली आभाळ भरलं की माझ्या पोटात गोळा येतो. फोनवर एवढंच म्हणते, "आज उडाला नाहीस तरी चालेल रे बाळा."