कर्किडकातली पेज

लावणी आटोपली की कोकणातल्या घराला चार दिवसांची उसंत मिळते. कणगीतले भात तळाला गेलेले असते, अंगण शेवाळलेले असते आणि म्हाताऱ्या माणसांचे गुडघे ठणकू लागलेले असतात. अशाच उसंतीत आम्ही केरळात जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, हे आणि आमचे मामंजी. वाचकहो, तिथे जे पाहिले ते तुम्हाला सांगावेसे वाटले.

जाण्याचे कारण आधी सांगते. मामंजींना मधुमेह आहे. गेल्या वर्षी आठवड्याच्या बाजारात एकाने त्यांना चुर्णाची पुडी दिली आणि सांगितले, ‘हे घ्या, गोळ्या सोडून द्या.’ मामंजींनी घरात कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. दोन महिन्यांत साखर भडकली, पायाच्या बोटाची जखम भरेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी बोट वाचवले, तेव्हा कुठे जिवात जीव आला. पण मामंजी हट्टाला पेटले. म्हणाले, “तो माणूस खोटा असेल, आयुर्वेद खोटा नाही. मला खरा वैद्य दाखवा.”

ह्यांचा मुंबईच्या नोकरीतला एक सोबती केरळातल्या कोट्टक्कलजवळ राहतो. त्याने बोलावले होतेच. रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेसने निघालो आणि तिरूरला उतरलो. पावसाळ्यात कोकण रेल्वे सावकाश चालते, पण खिडकीतून हिरवे डोंगर बघता बघता वेळ निघून जातो. तिरूर हे मल्याळी भाषेचे थोर कवी एळुत्तच्छन यांचे गाव. तिथून बसने कोट्टक्कल.

कोट्टक्कल गाव लहान, पण नाव मोठे. 1902 साली वैद्यरत्नम पी. एस. वारियर यांनी इथे आर्य वैद्यशाला काढली. त्या काळी वैद्य काढ्याची मुळे-साले लिहून देत आणि रोग्याने ती घरी उकळावीत, अशी रीत होती. वारियर यांनी तयार काढे बाटलीत भरून द्यायला सुरुवात केली. 1924 साली गोरगरिबांसाठी मोफत दवाखानाही काढला. आज दूरदूरचे रोगी तिथे येतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिकडचा कर्किडक महिना चालू होता. साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा हा महिना, मल्याळी वर्षातला शेवटचा. पूर्वी हा तंगीचा काळ. धान्य संपलेले, काम थांबलेले, वर धो धो पाऊस. म्हणून घरोघरी संध्याकाळी दिवा लावून रामायण वाचतात आणि औषधी पेज पितात. तिला ते कंजी म्हणतात.

सोबत्याच्या आईने मला चुलीपाशी बसवून घेतले. भाषा येत नव्हती, पण बाईला बाईची चूल कळते. नवरा नावाच्या जातीचे तांदूळ, रात्री भिजवलेली मेथी, अळीव, जिरे आणि दारच्या काही वनस्पतींचा रस. तांदूळ मऊ शिजला की नारळाचे दूध आणि गूळ. नाव ऐकून मी हसले, तर सोबत्याने समजावले, की संस्कृतातला षष्टिक तो हाच. साठ दिवसांच्या आसपास तयार होतो म्हणून षष्टिक, आपल्याकडे म्हणतात तसा साठी. रोज खावे अशा अन्नाची यादी चरकसंहितेत आहे. तिच्यात साठी तांदूळ, मूग, सैंधव, आवळा, जव, दूध, तूप, मध आहे. बघा, यात महाग म्हणावे असे मध-तूपच.

हाच तांदूळ दुधात आणि चिकण्याच्या मुळांच्या काढ्यात शिजवून, पुरचुंडीत बांधून, त्याने आखडलेले अंग शेकतात. पण हा भात पीक कमी देतो, वाऱ्यात लोळतो. त्यामुळे मधल्या काळात तो शेतातून जवळजवळ गेला होता. पालक्काड भागातल्या शेतकऱ्यांनी बियाणे जपले, आणि 2007-08 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

दुसऱ्या दिवशी एका वयस्क वैद्यांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मग डॉक्टरांचे कागद मागून घेतले. सोबत्याने त्यांचे बोलणे मराठीत सांगितले. “गोळ्या एक दिवसही सोडायच्या नाहीत. गुळाची पेज तुम्हाला नाही. औषधी असला तरी तांदूळ तो तांदूळच. घ्यायचीच तर वाटीभर, मेथी जास्त, गूळ नाही, आणि ती जेवणातल्या भाताच्या जागी.” मामंजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हा खरा वैद्य. यांनी मला पुडी दिली नाही.”

आणखी एक गंमत सांगते. कर्किडकात तिथे दहा पाल्यांची भाजी करतात. अळू, भोपळ्याचा पाला, पुनर्नवा आणि आपला टाकळासुद्धा! मी विचारले, शेवगा? तर त्या माउलीने कानाला हात लावला. या महिन्यात शेवग्याचा पाला तिथे वर्ज्य. आणि आपण कोकणात गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर हौसेने तोच खातो! म्हणजे जी ती रीत त्या त्या मातीची. कुणाची उचलून आणण्यापेक्षा आपली ओळखावी.

परत आल्यावर मी बांधावर टाकळा शोधायला गेले. मागच्या साली ह्यांनी बांधावर तणनाशक मारले होते, तिथे टाकळा उगवलाच नव्हता. हे ओशाळले. आता विहिरीकडचा बांध फवारणीवाचून सोडला आहे. यंदा तिथे टाकळाही आला आणि घेटुळीही.

मैत्रिणींनो, पावसाळ्यात भूक मंद असते. अशा वेळी जुन्या तांदळाची ऊन पेज, मुगाचे कढण, उकळून निववलेले पाणी, सुंठेचा तुकडा, एवढे घरात असू द्या. रानभाजी ओळखीचीच घ्या. शंका आली तर सासूबाईंना विचारा, फवारलेल्या जागेची घेऊ नका. अळू शिजवताना चिंच किंवा आमसूल विसरू नका, नाहीतर घसा खवखवेल. आणि बाजारात कुणी पुडी पुढे करून गोळ्या सोडा म्हणाला, तर त्याला आमच्या मामंजींचा पत्ता द्या. ते आता ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या बोटाची हकीकत सांगत असतात.